पहिला खर्डा वहीत की मोबाईलवर? हातानं लिहिण्याचा सुचण्याशी काही संबंध असतो का?

धुऱ्यावरचा
मंडळी, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात शेती करतो आणि जमेल तसं लिहितो. आतापर्यंत सगळं वहीतच लिहिलं. लाँगबुक, समास सोडून, निळा बॉलपेन. कथा झाली की तालुक्याला जाऊन टाइप करून घ्यायची आणि अंकाला पाठवायची. पूर्वी अंकवाले सांगायचे, ‘कागदाच्या एकाच बाजूस सुवाच्य अक्षरात लिहावे’. आता सांगतात, ‘युनिकोडमध्येच पाठवा, हस्तलिखित स्वीकारले जाणार नाही’.

म्हणून सध्याच्या कादंबरीचं एक प्रकरण थेट मोबाईलवर लिहून पाहिलं. झालं भराभर. पण वाचलं तर वाक्यं सगळी तोकडी. वहीत माझं एक वाक्य चार-चार ओळी चालतं, मधेच बैलांना पाणी पाजून येतं आणि पुन्हा तासाला लागतं. मोबाईलवर दीड ओळ झाली की पूर्णविराम. माणसंही जास्त बोलेनाशी झाली.

तर प्रश्न असा, की हातानं लिहिण्याचा आणि सुचण्याचा खरोखर संबंध आहे, की ही निव्वळ सवय आहे? सुंदर अक्षराबद्दल विचारत नाहीये. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

पुण्यात_हरवलेला
सवय. पुढचा धागा.

निळीशाई
वहीला +१००. शाईपेनाशिवाय मला ओळ सुचत नाही. अर्थात आमच्या अकोल्यात मे महिन्यात निबेतच शाई वाळते आणि पावसाळ्यात सर्द कागदावर शाई फुटते, म्हणजे वर्षातले चार-पाच महिनेच मी साहित्यिक असते. हलकं घ्या.

माजी_हेडमास्तर
धुरेकर भाऊ, प्रश्न चांगला काढलात. ‘सवय’ म्हणून उडवून लावण्याइतका तो हलका नाही.

समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, ओळी नीट चालाव्यात, पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत राहावं, असा सगळा तपशील त्यात आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी कामाला येत नाही, हेही सांगून ठेवलं आहे. माझ्याच जुन्या वह्या मला आता भिंगातून वाचाव्या लागतात, तेव्हा हा उपदेश फार पटतो.

दुसरं उदाहरण आपल्या वर्ध्याच्या शेजारचं. सेवाग्रामला राहायला येण्याच्या कितीतरी आधी, १९०९ साली, गांधीजींनी लंडनहून आफ्रिकेला परतताना बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिलं. नोव्हेंबरातले दहा दिवस. उजवा हात दुखायला लागला की डाव्या हातानं लिहायचे. पावणेतीनशेच्या आसपास पानं, त्यातली चाळीसेक डाव्या हाताची. माणूस हात बदलतो पण थांबत नाही, याचा अर्थ विचार हाताच्या पुढे धावत होता आणि हात त्याला गाठत होता. ही ओढाताण मोबाईलवर होते का?

पुण्यात_हरवलेला
सर, आदर राखून म्हणतो. त्याच गांधीजींनी आत्मचरित्रात आपल्या वाईट अक्षराबद्दल खंत केली आहे. अक्षर वाईट असणं म्हणजे शिक्षण अपुरं, असं त्यांचं मत होतं. तरी लिहिणं कुठे अडलं? विचार होता म्हणून हात धावला. बोटीवर मोबाईल असता तर दोन्ही अंगठे चालवले असते.

माजी_हेडमास्तर
अक्षर चांगलं असणं वेगळं आणि हातानं लिहिणं वेगळं. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय. दासबोधाचं आमच्या वयाच्या लोकांचं जरा लांबलं, मान्य.

खारपाणपट्टा
भाऊ, म्या त मोबाईलवर लिवाचं सोडूनच देल्लं. कापूस येचाच्या दिवसात बोंडाच्या टोकाईनं बोटं असे फाटते का मोबाईलले माहा अंगठाच वयखू येत नाई. रेशनच्या मशिनीवरबी लागत नाई, ब्यांकेतबी लागत नाई. पेन मात्र धरता येते. लिवाचं तर त्याच दिवसात सुचते, कावून का येचताना डोकं रिकामं रायते.

अन दुसरी गोठ म्हंजे, म्या ‘शायेत’ लिवलं का मोबाईल ‘शाळेत’ करते. ‘डोये’ लिवलं का ‘डोळे’. माह्या कथेतली बुढी पुन्यातल्या बाईवानी बोलाले लागते. कागद बिचारा काईच म्हनत नाई.

पुण्यात_हरवलेला
सेटिंगमध्ये जाऊन ऑटोकरेक्शन बंद करा ना भाऊ. पाच मिनिटांचं काम.

खारपाणपट्टा
केलं. तरी वरतून तीन-तीन शबूद सुचवत रायते.

पुण्यात_हरवलेला
ती पट्टीही बंद होते. आणि तुमचे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घातले की तोच मोबाईल तुम्हाला ‘डोये’ सुचवायला लागेल.

खारपाणपट्टा
मंग तो माह्या कथेतबी हिस्सा मांगन. राहू द्या.

सातपुड्याची_सून
सगळे वहीचे गोडवे गाताहेत म्हणून लिहिते.

वही घरात कुणाचीही असते. मी लग्नानंतर अचलपूरकडे आले तेव्हा माहेरची एक वही आणली होती. ती कपाटात साड्यांखाली ठेवूनही दोन जणांनी वाचली आणि त्यातल्या एका ओळीचा अर्थ जेवताना मला विचारण्यात आला. अक्षर माझं, म्हणजे ‘मैत्रिणीची आहे’ म्हणायचीही सोय नाही. त्यानंतर बरीच वर्षं काही लिहिलं नाही.

मोबाईल आल्यावर पुन्हा सुरू केलं. नोट्सला कुलूप आहे. भाकरी होईपर्यंत चार ओळी, मुलाला झोपवताना चार ओळी, दिवा लावायची गरज नाही. रात्री दिवा लावून वही उघडून बसलेली बाई घरात सगळ्यांना दिसते. अंथरुणात मोबाईल बघणारी बाई ‘मोबाईल बघतेय’ इतकंच होतं. मला सुचण्यासाठी हात लागत नाही, कुणी न बघणं लागतं. धुरेकर दादांच्या प्रश्नाला हे उत्तर आहे की नाही, माहीत नाही.

निळीशाई
ताई, हे वाचून गप्प झाले. वर फार हौसेनं शाईपेनाचं लिहिलं मी.

दोन_एकर_कोरडवाहू
सातपुड्याची_सून ताई, माझं नेमकं उलटं आहे. घरात स्मार्टफोन एकच, तो दिवसा मालकांकडे आणि संध्याकाळी पोरांच्या अभ्यासाला. त्यात काय लिहू? माझ्याकडे मजुरांच्या हजेरीची वही असते. पुढून नावं आणि रोजी, मागून माझ्या कविता. हिशोबाच्या वहीला घरात कुणी हात लावत नाही, पैसे मागायचे असतील तरच लावतात. आणि तेव्हा पुढूनच उघडतात.

सातपुड्याची_सून
काकू, हे फार भारी आहे. दोन्ही टोकं कधी भेटली तर?

दोन_एकर_कोरडवाहू
भेटत आलीत. यंदा निंदणाला बायका जास्त लागल्या.

बीएस्सी_नापास
थोडं विज्ञान. २०२४ च्या जानेवारीत नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर २५६ इलेक्ट्रोडांची जाळी बसवली आणि त्यांना पडद्यावर दिसणारे शब्द डिजिटल पेननं लिहायला आणि कळफलकावर टाइप करायला लावले. हातानं लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधली जोडणी बरीच जास्त दिसली. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास गाजला होता. लॅपटॉपवर टिपणं काढणारी मुलं वर्गातलं बोलणं शब्दशः उतरवतात आणि हातानं काढणाऱ्यांना ते जमत नसल्यामुळे समजून घेऊन थोडक्यात लिहावं लागतं, म्हणून त्यांना विषय जास्त कळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे हाताचा संथपणाच कामाला येतो. धागा बंद करायला हरकत नाही.

पुण्यात_हरवलेला
नापास का झालात ते कळलं. :)

नॉर्वेच्या प्रयोगात टायपिंग एकाच बोटानं करवलं होतं. दहा बोटांनी टाइप करणाऱ्याला एका बोटानं करायला लावाल तर मेंदू झोपणारच. आणि काम होतं दाखवलेला शब्द लिहिण्याचं. कादंबरी कुठे आली त्यात? २०१४ चा प्रयोग पुढे दुसऱ्यांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा तो फरक तितका ठामपणे दिसला नाही. टिपणं काढणं म्हणजे दुसऱ्याचं बोलणं उतरवणं. धुरेकरांना स्वतःचं सुचवायचं आहे.

बीएस्सी_नापास
मोबाईलवर आम्ही सगळे एकाच बोटानं टाइप करतो, साहेब. प्रयोग आमच्यावरच झालेला आहे.

पुण्यात_हरवलेला
हा मुद्दा मात्र मान्य.

झाडीचा_प्रॉम्प्टर
मी वडशाचा, झाडीपट्टीतला. आमच्याकडे दिवाळी झाली की होळीपर्यंत रात्रभर नाटकं. तालमी नावापुरत्या, त्यामुळे सगळा भार प्रॉम्प्टरवर. मी हाती लिहिलेल्या संहिताही वाचल्या आणि आता टाइप केलेल्याही वाचतो. फरक सांगतो.

टाइप केलेलं वाचायला सोपं, यात वाद नाही. पण हातानं लिहिलेल्या पानावर लेखक कुठे तापला होता ते दिसतं. एका लेखकाच्या संहितेत बाप मुलाला घराबाहेर काढतो तो प्रवेश आहे. त्या पानावर पेन इतकं दाबलं होतं की मागच्या बाजूला बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागायची. तिथं मी आपोआप आवाज चढवून वाक्य द्यायचो आणि नटही तसाच उचलायचा. त्याच नाटकाची पुढे टाइप केलेली प्रत आली. बापाचं ‘निघ’ आणि पाणक्याचं ‘पाणी घ्या’ एकाच मापाचं.

आता लेखक म्हणेल, तू प्रॉम्प्टर, तुझं काय. पण लिहिताना ज्याचा हात तापतो त्याला पुढचं वाक्य तापलेलंच सुचत असणार, असा माझा आपला अंदाज.

पुण्यात_हरवलेला
दादा, ठळक अक्षर करायची सोय टायपिंगमध्ये पण असते.

झाडीचा_प्रॉम्प्टर
असते ना. पण ठळक करायला आधी थांबावं लागते.

मोर्शीचा_संत्रा
मला वाटतं दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. धुरेकर म्हणतात, टाइप करताना वाक्यं बदलली. अहो, उतरवून काढताना वाक्य नेहमीच बदलत आलं आहे, हातानं असो की यंत्रानं.

आमच्या तालुक्यातलं रिद्धपूर म्हणजे मराठी गद्याचं माहेर. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी गावोगाव माणसं गाठून, त्यांना विचारून चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. मूळ पोथी पुढे धाडीत गेली आणि शिष्यांनी आठवून पुन्हा लिहिली, अशी परंपरा सांगते. नंतर पिढ्यान्‌पिढ्या हातानं नकला झाल्या, त्याही सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत. महानुभाव पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ते वाचता यायला विसावं शतक उजाडावं लागलं. आणि वि. भि. कोलत्यांसारख्या संपादकाला पोथ्यांमधले पाठभेद लावत बसावं लागलं. सगळे हातानंच लिहिणारे, श्रद्धेनं लिहिणारे, आणि तरी पाठभेद! नकलणारा हात गप्प बसत नाही, स्वतःचं थोडं घालतो. मूळ लेखकच नकलत असेल तर त्याला आपण दुसरा खर्डा म्हणतो. तेव्हा वहीतून मोबाईलवर उतरवताना काही बदललं तर बिघडलं असं धरू नका.

आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झालंय. कुणीतरी यावर प्रबंध करावा. संत्र्याला भाव नाही, निदान प्रबंध तरी येऊ द्या.

धुऱ्यावरचा
संत्रेवाले भाऊ, उतरवलं नाही मी. ते प्रकरण मोबाईलवर पहिल्यांदाच लिहिलं. तिथंच अडलंय.

मोर्शीचा_संत्रा
अरे. मग वरचा निबंध पाठभेद म्हणून वाचा.

तहसीलसमोरचा
अर्जनवीस आहे. माझ्या टेबलासमोर बसून लोक बोलतात आणि मी लिहितो. फेरफार, वारस, नुकसानभरपाई. माणूस बोलताना बांधापासून सुरू करतो, मग भावाचं लग्न, मग बापाचं आजारपण, आणि शेवटी गट नंबर. माझा हात चालू दिसतो तोपर्यंत तो बोलतो. हल्ली पोरगा बाजूला संगणकावर टाइप करतो. त्याच्यासमोर तेच लोक पडद्याकडे बघत गप्प बसतात, ‘काय लिवलं?’ विचारतात. बाकी साहित्यातलं मला कळत नाही.

शेंबडं_पोट्टं
काका, साहित्यातलं तुमच्याइतकं इथं कोणालेच कळलं नाई.

मुक्काम_पोस्ट_मेहकर
हाताला इतकं महत्त्व देताय, तर ज्यांनी हातात पेन धरलंच नाही त्यांचं काय करायचं? बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलं ते घरच्यांनी टिपून ठेवलं आणि १९५२ साली पुस्तक आलं. आमच्या बुलढाण्याला लागूनच तो मुलूख. गाडगेबाबांनी कोणती वही भरली होती? विनोबा तर उत्तम लिहिणारे, पण १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले ते साने गुरुजींनी उतरवून घेतलं म्हणून आज आपल्या हाती आहे. सुचलं एकाला, हात दुसऱ्याचा.

माजी_हेडमास्तर
उदाहरणं बरोबर, पण ती तोंडी परंपरेतली आहेत. ओवीला चाल असते, चालीवर ओळ टिकते. कादंबरी चालीवर पाठ ठेवता येत नाही. चाळीस पानांमागे काय लिहिलं ते बघायला मागे जावं लागतं. आणि गुरुजींनी उतरवलं ते हातानंच ना?

मुक्काम_पोस्ट_मेहकर
तुरुंगात दुसरं काय मिळणार होतं, सर?

संचालक
मूळ प्रश्नाकडे या. संत्र्याच्या भावाचा धागा वेगळा आहे.

डीटीपी_दादा
दिवसभर पत्रिका होत्या, आत्ता वाचलं सगळं. तालुक्याच्या ठिकाणी दुकान आहे, लेखक लोकांची हस्तलिखितं टाइप करत आलोय. श्रीलिपी या युनिकोडच्या आधीच्या टायपिंग सॉफ्टवेअरच्या काळापासून.

धुरेकर भाऊ, तुमची अडचण मला हात की यंत्र अशी वाटतच नाही. मोबाईल हातात घ्या. कळफलक वर आणा. किती ओळी दिसतात? पाच, फार तर सहा, आणि त्याही आखूड. लाँगबुकचं उघडं पान म्हणजे दोन्ही बाजू मिळून पन्नासेक ओळी डोळ्यासमोर. चार ओळींचं वाक्य लिहिणाऱ्याला त्याचं सुरुवातीचं टोक दिसावं लागतं. मोबाईलवर तुमचं वाक्य अर्धं होईस्तोवर सुरुवात वर सरकून गेलेली असते, म्हणून तुम्ही घाईनं पूर्णविराम देता. पात्रांचंही तेच. कोण काय बोललं ते दिसत नाही, तर पुढचा उत्तर काय देणार?

करून बघा. दुकानात या, मोठ्या पडद्यावर बसा, पैसे नको. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसते.

अवांतर: खारपाणपट्टा भाऊ, वऱ्हाडी ‘शुद्ध’ करण्याचं पाप मोबाईलच्या आधी आमच्या धंद्यानं केलंय. ऑपरेटरला वाटायचं लेखक चुकला.

निळीशाई
पण दादा, खाडाखोडीचं काय? वहीत मी ओळ खोडली तरी ती खाली दिसत राहते. कितीदा तरी खोडलेलंच परत घेतलंय. स्क्रीनवर पुसलं की ते होतंच कुठे?

पुण्यात_हरवलेला
जुन्या आवृत्त्या साठवून ठेवता येतात.

निळीशाई
येतात. उघडून बघतं कोण? खोडलेली ओळ न उघडताच दिसते, म्हणून तर ती छळते.

पुण्यात_हरवलेला
खरं सांगायचं तर मीही उघडत नाही.

धुऱ्यावरचा
धागा वर काढतोय. मधे सोयाबीन काढणी होती.

डीटीपी दादांकडे दुपारी जाऊन बसलो. तेच प्रकरण मोठ्या पडद्यावर पहिल्यापासून लिहिलं. वाक्यं लांबली. दादांचं निदान पुष्कळ अंशी बरोबर निघालं. माणसंही बोलायला लागली. पण एक फरक राहिला. पडद्यावर मी प्रत्येक वाक्य जागच्या जागी नीट करत बसलो, पुढे जाईचना. परिच्छेद गुळगुळीत झाला आणि गोष्ट तिथंच. वहीत खोडायचा कंटाळा येतो म्हणून वाईट वाक्य तसंच सोडून पुढे जातो, आणि त्या वाईट वाक्यातूनच कधीकधी पुढचं निघतं. निळीशाई ताईंचं म्हणणं तिथं पटलं.

नंतर आणखी एक केलं. वहीतलं आधीचं प्रकरण मोबाईलला बोलून टाइप करवलं. मराठी त्याला बऱ्यापैकी कळते. वऱ्हाडी संवाद आले की दाणादाण, आणि विरामचिन्हं माझ्या मोबाईलनं एकही दिलं नाही. सगळं सलग. मग पूर्णविराम कुठे द्यायचा ते मोठ्यानं वाचत ठरवावं लागलं आणि लांब वाक्यांपैकी काही उगाच लांब होती हे तेव्हा कळलं. पहिला खर्डा वहीतच ठेवतो. उतरवताना बोलून. संवाद मात्र दादांकडून.

सातपुड्याची_सून ताईंचं म्हणणं या सगळ्यात कुठे बसतं, ते मला लावता आलं नाही.

सातपुड्याची_सून
बसवू नका दादा. कथा एका अंकानं घेतली, युनिकोडमध्येच हवी होती. :)

माजी_हेडमास्तर
अभिनंदन! कोणता अंक?

सातपुड्याची_सून
सर, टोपणनावानं आहे. इथं सांगितलं तर कुलूप कशाला लावलं?

खारपाणपट्टा
दादा, माही कथा आनू काय? ‘डोये’ तसेच राहू द्याचे अशीन तरच आनतो.

डीटीपी_दादा
आणा. तुम्ही बाजूला बसा, मी टाइप करतो. डोयेचे डोळे झाले तर पैसे देऊ नका. फक्त दिवाळीच्या आत या. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रांग लागते, आणि औंदा ग्रामपंचायतीचे पॉम्प्लेटही माझ्याच माथी आहेत.